पुलाचा उतार

रेल्वे रुळांवरचा जुना पूल वाहनांसाठी बंद झाला, आता पाडणार म्हणतात, असं गीतांजलीनं फोनवर सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी ज्योत्स्ना अकोल्याहून अमरावतीला आली. दोघींनी साठी ओलांडलेली. गीतांजलीचा तर गुडघाही नुकताच बदललेला. तरी ती चढाच्या पायथ्याशी काठी घेऊन उभी होती.

"चढशील का वं?" ज्योत्स्नानं विचारलं.

"चढाले काय होते? सायकल थोडीच ढकलाची आहे आता!"

पायी जायला अजून मुभा होती. दोघी कठड्याच्या कडेनं हळूहळू निघाल्या.

कॉलेजात असताना दोघींत सायकल एकच, गीतांजलीची. चढ आला की उतरून ढकलायची आणि माथ्यावरून डबलसीट सुसाट खाली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी, फिजिक्सच्या प्रॅक्टिकलच्या सकाळी, उतारावर संत्र्यांची हातगाडी आडवी आली. गीतांजलीनं हँडल वळवलं. तिला खरचटलं तेवढंच. मागे बसलेल्या ज्योत्स्नाचं डावं मनगट मोडलं. रस्ताभर संत्री गडगडली, पण हातगाडीवाला आधी रिक्षा थांबवायला धावला.

ज्योत्स्नाची बॅच दुपारची होती, गीतांजलीची सकाळचीच. "तू जाय नं परीक्षेले," ज्योत्स्ना कळवळून म्हणत राहिली. गीतांजली प्लास्टर होईपर्यंत दवाखान्यातून हलली नाही. दुपारी ज्योत्स्नानं हात गळ्यात अडकवून परीक्षा दिली. गीतांजलीचं वर्ष गेलं.

दर्यापूरहून तिच्या वडिलांचा, वामनरावांचा निरोप आला: शिक्षण झालं तेवढं पुरे, आता स्थळं पाहू.

ज्योत्स्ना कोणाला न सांगता दर्यापूरच्या बसमध्ये बसली. फक्त तिच्या वडिलांना, पुंजाजींना ठाऊक होतं. बौद्धपुऱ्यातली आपली पोरगी पाटलाच्या दारात एकटी चालली, म्हणून ते "मी येऊ का संग?" म्हणाले होते. ती नको म्हणाली.

वामनराव ओसरीवर होते. "काकाजी, गीता माह्यासाठी थांबली. एक वर्ष द्या तिले."

"अन् पुन्हा नापास झाली तं?"

"नाही होणार. मी रोज बसतो तिच्या संग अभ्यासाले."

वामनराव तिच्या प्लास्टरकडे बराच वेळ पाहत राहिले. मग आत तोंड करून म्हणाले, "दोन पानं वाढा." त्यांनी तिला आपल्या शेजारी बसवलं. एका हातानं तिला भाकर तोडता येईना, तेव्हा गीतांजलीच्या आईनं, आशाबाईंनी समोर बसून ती कुस्करून दिली.

पुढच्या वर्षी गीतांजली पास झाली आणि नंतर निवृत्तीपर्यंत शाळेत विज्ञान शिकवत राहिली.

माथ्यावर पोचल्यावर दोघी थांबल्या. खालून एक गाडी संथ निघून गेली.

"तू घरी आलती, हे बाबांनी मले कधीच सांगतलं नाही," गीतांजली म्हणाली. "आईनं सांगतलं, जायच्या आधी."

"त्यात सांगाले काय होतं?"

"कावून नाही? त्यायच्या शेजारच्या पानावर मले बी कधी बसवलं नोतं वं."

ज्योत्स्नाला हसू आलं, पण गीतांजलीचे डोळे भरलेले पाहून तिनं नुसता तिचा दंड धरला.

पलीकडे उतरून त्यांनी राजापेठेचा ऑटो केला. गीतांजलीच्या घरी पोचल्यावर ज्योत्स्नानं नवऱ्याला, सुगतला फोन लावला. "आज राहते मी इथंच."

स्वयंपाकघरातून गीतांजली ओरडली, "भाऊजीले सांग, उद्याचं बी काही खरं नाही!"