सीटखालची हळद

गाडी दारात उभी राहिली की कौशल्येला ओवी सुचायची. हिंगोलीकडच्या तिच्या आईला बैलांवर सुचायची, हिला विजेच्या गाडीवर. चंदननगरच्या गल्लीत भांडी घासता घासता ती गुणगुणायची,

दारी माझ्या उभी गाडी, तिला धूर नाही बाई
लोकांच्या लेकी नेई, माघारी घेऊन येई

नागोराव लाजायचा. "अगं, लोक ऐकतेत."

"ऐकू द्या की. हाय का त्यांच्या दारी?"

लोकांच्या लेकी म्हणजे खराडीच्या कंपन्यांतल्या मुली. नागोराव त्यांना घरून ऑफिसात आणि ऑफिसातून घरी सोडायचा. गाडी दुसऱ्या हाताची, पण बॅटरीची वॉरंटी पुष्कळ उरलेली. त्या भरवशावर तर कौशल्येनं गळ्यातलं मोडलं होतं.

उन्हाळ्यात गाडी दमायला लागली. पूर्वी एकदा चार्ज केली की दिवस निघायचा. आता स्वारगेटची एक फेरी झाली की मुंढव्याच्या पुलाशी येता येता जीव कंठाशी. नागोराव एसी बंद ठेवायचा, मुली घामानं भिजायच्या, त्यांच्याकडे बघायचं तो टाळायचा. मग एका संध्याकाळी भर चौकात ती थांबली ती थांबलीच. मागे हॉर्नचा गोंधळ, आत दोन मुली गप्प बसलेल्या.

कंपन्यांना गाड्या लावून देणारा अभय फोनवर म्हणाला, "काका, आधी बॅटरी बदला, मग या. तोवर मी दुसरी गाडी लावलीये."

सर्व्हिस सेंटरमधल्या केदारनं गाडी दोन दिवस ठेवून घेतली. मग नागोरावला काउंटरशी बोलावलं.

"मागच्या सीटखालचं झाकण कुणी उघडलं होतं?"

केदारनं मोबाईल त्याच्यापुढे धरला. फोटोत झाकण बाजूला काढलेलं, कंपनीचं सील फाटलेलं, आणि आत काळ्या खोक्यावर हळदीकुंकवाची दोन बोटं. शेजारी झेंडूची वाळलेली पाकळी.

गेल्या खंडेनवमीची गोष्ट. नागोराव बॉनेटला कुंकू लावायला निघाला तर कौशल्येनं त्याचा हात धरला होता. "तोंडाला काय लावता? जीव कुठं हाय तिचा, तिथं लावा. आमचे बाबा फाळाला लावायचे, दांड्याला न्हाई." तिचं म्हणणं त्याला पटलं. त्यानं सीट उचलली, पाना लावला, मध्ये आलेला कंपनीचा कागद नखानं फाडला. कौशल्येनं आत वाकून हळद लावली, कुंकू लावलं. पाचवीच्या दिवशी बाळाच्या कपाळाला लावावं, इतक्या हलक्या बोटांनी.

"हळदीनं बिघडली का, साहेब?"

"तसं नाही म्हणत मी. तिची ती बिघडली असेल. पण सील तुटलं की वॉरंटी संपली. कंपनीच्या फॉर्मवर पूजेचा रकाना नाहीये, काका."

"मग विकत?"

केदारनं स्क्रीन फिरवली. नागोरावनं आकडा दोनदा वाचला. "एवढ्यात तर दुसरी गाडी यील."

"येईल की. तीच घ्या. कारण पैसे भरलेत तरी बॅटरी कधी येईल, मी सांगू शकत नाही. मॉडेल बंद झालंय."

"एखाद्या अपघातातल्या गाडीची काढून बसवली तर?"

"बसेल. पण कंपनीनं कोड दिल्याशिवाय गाडी तिला ओळखणार नाही. आणि जुन्या बॅटरीला कोड मिळत नाही." रांगेतल्या पुढच्या माणसाकडे बघत केदार नागोरावला म्हणाला, "आपण बाहेर बसता का जरा?"

घरी कौशल्या दारातच उभी होती.

"काय म्हणले?"

"बॅटरी मिळतच न्हाई," नागोराव म्हणाला. खोटं नव्हतं, आणि सगळं खरंही नव्हतं.

"एवढ्या मोठ्या पुण्यात?"

"न्हाई."

"मी पुन्हा एकदा कुंकू लावू का तिला? आत?"

"नको." तो इतक्या झटक्यात म्हणाला की ती दचकली.

पावसाळाभर गाडी गल्लीत ताडपत्रीखाली उभी होती. चाकांपाशी गवत उगवलं. नागोराव खराडीलाच एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहायला लागला. त्याच्याच गाडीतून जाणाऱ्या मुली आता दुसऱ्या गाडीतून उतरायच्या, कार्ड दाखवायच्या, "काय काका" म्हणायच्या आणि आत जायच्या. कौशल्या मेसमध्ये पोळ्या लाटायला जायची. भांडी घासताना ती आता नुसतीच भांडी घासायची.

शेवटी जुन्या बाजारातला भंगारवाला हिंमतराव गाडी न्यायला आला. कौशल्या मेसवर गेल्यावर ये, असं नागोरावनं त्याला बजावलं होतं. पण टो करणारी गाडी गल्लीत वळेना, आणि तेवढ्यात कौशल्या परतली. ती आत गेली आणि ताम्हण घेऊन बाहेर आली.

"सासरी चाललीय," ती म्हणाली. "मोकळ्या कपाळानं कशी पाठवू?"

तिनं कुंकवात बोट बुडवलं. हिंमतराव मागचं दार उघडून आत वाकलेला होता. त्यानं सीट उचलली, झाकण काढलं आणि हसला.

"हे कुणाचं काम? बॅटरीला हळदीकुंकू? अहो, सील तोडलंत तुम्ही. नाहीतर कंपनीनं फुकट बदलून दिली असती की."

गल्लीत कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"मीच लावलं," नागोराव म्हणाला. "मलाच हौस."

कौशल्येनं त्याच्याकडे पाहिलं. मग उघड्या दारातून आत पाहिलं. दोन बोटांचे ठसे, बारीक, बाईमाणसाचे.

गाडी साखळीनं ओढत नेली. गवतात तिच्या चाकांचे दोन पिवळे पट्टे उरले. कौशल्येचं कुंकवाचं बोट अजून तसंच वर होतं. नागोराव तिच्यापुढे आला आणि त्यानं मान खाली घातली. "मला लाव."

तिचा हात थोडा पुढे आला. थांबला.

"नको," ती म्हणाली. "मी लावलं की..."

आणि तिनं बोट पदराला पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं.