माझ्यावर कोणी बसत नाही

मी एक खुर्ची. बातमी आली त्या दुपारीही रोजच्यासारखी भिंतीला पाठ लावून उभी होते. पंखा कुरकुरत होता, आणि चष्म्याच्या दुकानात काम करणारी ती बाई समोर बसून माझ्याशी बोलत होती. म्हणजे माझ्याशी नव्हे, माझ्यावर बसलेल्या नवऱ्याशी. तो अर्थातच तिथे नव्हता.

थोडं मागचं सांगते. मी साध्या लाकडाची, हात नसलेली. सुताराकडून निघाले ती थेट दातांच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीत. चांगले थोराड पुरुषसुद्धा आतला आवाज ऐकून माझ्या कडा घट्ट धरायचे. दवाखाना बंद झाला तेव्हा ताईंनी मला इथे आणलं.

ताई समुपदेशन करतात. घटस्फोट घेतलेल्या, घ्यावा की नाही अशा पेचात पडलेल्या, नवरा गेलेल्या बायका त्यांच्याकडे येतात. ज्याच्याशी बोलायचं राहून गेलं त्याला मनाने माझ्यावर बसवायचं, हवं ते विचारायचं, मग उठून स्वतः माझ्यावर बसायचं आणि त्याच्या बाजूने उत्तर द्यायचं, अशी त्यांची रीत.

त्यांच्यातल्याच एक नर्सबाई, त्यांना पहिल्या दिवशी हसू आलं होतं. "घरात असताना ऐकलं नाही त्याने, इथे काय ऐकणार, कपाळ!"

"निदान मध्येच टीव्ही तरी लावणार नाही," ताई म्हणाल्या.

थोड्याच वेळात नर्सबाईंनी मला असं काही फैलावर घेतलं, की बाहेर बसलेल्या बायका गप्प झाल्या.

सुरुवातीला मला काही जाणवत नसे. पुढेपुढे वजन यायला लागलं. बाई बोलू लागली की माझ्यावर हळूच भार पडायचा. नर्सबाईंचा नवरा एक पाय सारखा हलवायचा. बोलणं संपलं की भार उतरायचा. मी कोणाला सांगणार? लाकडाला सवय होते.

चष्मेवालीचा नवरा जेमतेम टेकायचा, दाराकडे वळून. तिचा प्रश्न एकच होता.

"मी दोन पिशव्या घेऊन निघाले. तू आतल्या खोलीत होतास. बाहेर का नाही आलास?"

घटस्फोटाचा निकाल लागला होता, भाड्याची खोली मिळाली होती, तरी झोप लागत नव्हती. "एवढं कळलं की मी सुटले, ताई," असं ती म्हणायची. पण उत्तर द्यायला माझ्यावर बसायचा तिला धीर होत नव्हता. त्या दुपारी झाला. ती उठली, आणि फोन वाजला. नणंदेचा होता. आवाज मलाही ऐकू आला.

"वहिनी... आता वहिनी म्हणू की काय म्हणू, कळत नाही. दादा गेला. कामावरच कोसळला."

"कुठला दादा?" तिने विचारलं. नणंदेला भाऊ एकच होता.

फोन ठेवून ती ताईंना म्हणाली, "मी त्याची आता कोण लागते? जाऊ का?"

"तुला जावंसं वाटतंय?"

"मला विचारायचं होतं," ती म्हणाली आणि निघून गेली.

ताईंनी दिवा मालवला, दार ओढून घेतलं. भार मात्र उतरला नाही. पहिल्यांदाच तो नीट टेकून बसला होता. कोणीतरी माझ्या कडा घट्ट धरल्या होत्या.

पुढच्या खेपेला नर्सबाई म्हणाल्या, "आज माझा येतच नाही, ताई. जागा नाही म्हणतो." हसत म्हणाल्या, पण स्वतःची खुर्ची मागे ओढून घेतली. एक नवी बाई माझ्यावर पर्स ठेवायला वाकली, थबकली, आणि "सॉरी" म्हणून पर्स मांडीवर घेऊन बसली.

मग चष्मेवाली आली. ती त्या घरी जाऊन आली होती. तिला कोणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

"आज नको वाटत असेल तर राहू दे," ताई म्हणाल्या.

"नाही. आजच."

तिने तोच प्रश्न विचारला. मग माझ्याजवळ आली आणि बैठकीवर तळवा ठेवला.

"गरम आहे."

"ऊन आलं असेल."

"पडदा ओढलेला आहे, ताई."

मग घरात म्हणावं तसं, अगदी सहज, ती म्हणाली, "जरा सरक."

माझी एक बाजू हलकी झाली. तेवढ्याच जागेवर ती अंग चोरून बसली.

"बोल," ताई हळूच म्हणाल्या. "त्याच्या बाजूने बोल."

तिने तोंड उघडलं. दुसऱ्या बाजूचा भारही पुढे झुकला. दोघं तशीच बसून राहिली. मग ती उठली, डोळे पुसले, "पुढच्या वेळी" म्हणाली.

इतर बायकांसाठी ताईंनी आता दुसरी खुर्ची आणली आहे. मी कोपऱ्यात असते. तुमच्यावर कधी तशी वेळ आली तर या, ताईंशी बोला. फक्त माझ्यावर काही ठेवू नका.

ती अजून येते, आपल्या अर्ध्या जागेवर बसते आणि जाते. तिला उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.