माकुलीच्या अंगावरची बोटं

मित्सुयोच्या अंगात एप्रिलपासून जे वारं शिरलं होतं ते डिसेंबर उजाडला तरी निघालं नव्हतं. बसली की उठायची, उठली की कशाला तरी हात लावायची. पुसलेलं पुन्हा पुसायची, बांधलेली गाठ सोडून पुन्हा बांधायची. शेजारणी म्हणत, बाईच्या पायाला भिंगरी आहे. भिंगरी पायाला नव्हती, हाताला होती, पण ते तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

एप्रिलमध्ये तिच्या नवऱ्याला, इसामुला, पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. सौम्य झटका, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांना सौम्य म्हणायला काय जातं? पाय सुधारला, बोलणं सुधारलं, उजवा हातही हलायला लागला, पण त्या हाताला गार-गरम कळेना, आणि आपण एखादी वस्तू किती दाबतोय तेही कळेना. एकदा त्याने न्याहारीला अंडं उचललं आणि ते त्याच्या मुठीतच फुटलं. तो हसला. मित्सुयोने मात्र तेव्हापासून त्याच्या हातात नाजूक काही पडू दिलं नाही.

कारण त्यांचा धंदा माकुलीचा, समुद्रातल्या त्या शाई फेकणाऱ्या मऊ जिवाचा, आणि तोही जिवंत माकुलीचा. योबुको बंदरातल्या खानावळींत माकुली टाकीत पोहत असते, काचेसारखी आरपार. गिऱ्हाईक बोट दाखवतं आणि पाच मिनिटांत ती ताटात येते, तीही आरपार. पण माणसाचा गरम हात तिच्या अंगाला लागला की तिथे पांढरा डाग उठतो, भाजल्यासारखा. डाग उठलेल्या माकुलीला कोणी बोट दाखवत नाही.

त्या गुरुवारी सकाळी दोघं होडीवर होती. समुद्र बरा होता. इसामु डाव्या हाताने दोरी ओढत होता, उजव्या हाताने नुसती सांभाळत होता. दोरीच्या टोकाला लाकडाची कोळंबी, तिच्या शेपटाला सुयांसारख्या गळांचं कडं.

"आली," इसामु म्हणाला.

मित्सुयो जाळं घेऊन आधीच कठड्यावर ओणवी झाली होती.

"थांब गं आई. अजून चार वाव खाली आहे ती."

मुलगी झाल्यापासून दोघं एकमेकांना आई आणि बाबा म्हणत. मुलगी लग्न होऊन फुकुओकाला गेली, हाका तेवढ्या मागे राहिल्या.

"दोरी सैल सोडू नका, बाबा."

"सोडली का मी कधी?"

नव्हती सोडली. या गळांना उलटे काटे नसतात, दोरी क्षणभर सैल पडली की माकुली गेलीच म्हणून समजा. इसामुने तिला पाण्याच्या तोंडाशी आणली आणि तिथेच धरून ठेवली. हा त्याचा नेम होता. वर आलेली माकुली चिडलेली असते. आधी अंगातल्या नळीतून पाणी फेकते, मग शाई. एकदा, दोनदा, कधी तीनदा. नळीचं तोंड समुद्राकडे राहील एवढं बघायचं आणि आपण गप्प राहायचं. तिचा राग संपला की शेपटाकडून जाळं सरकवायचं, कारण माकुली पळते ती मागे. जाळं तसंच टाकीवर न्यायचं, गळ उलटा करायचा, की ती आपल्याच वजनाने सुटून पाण्यात पडते. या सगळ्यात माकुलीला हात लावायचं कुठेच काम नाही.

माकुलीने एकदा पाणी फेकलं. मित्सुयोने जाळं घातलं.

"अगं, थुंकू दे तिला आधी—"

शाईचा फवारा इसामुच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत बसला. जाळ्यात माकुली, जाळं मित्सुयोच्या हातात. तिने ते टाकीकडे नेलं, गळ सोडवला, माकुली पाण्यात टाकली. कशी टाकली ते तिलाही सांगता आलं नसतं, इतक्या घाईत.

"तुमचा हात थरथरत होता," ती म्हणाली.

"हात नाही, दोरी थरथरत होती. खाली माकुली होती म्हणून." त्याने बाहीने तोंड पुसलं. शाई पुसली गेली नाही, पसरली. "या तोंडाने धक्क्यावर गेलो तर फुजिए मलाच टाकीत टाकेल."

मित्सुयोला हसू आलं नाही. ती पुढच्या दोरीकडे बघत होती.

फुजिए खानावळीची मालकीण. स्वच्छ एप्रन, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आणि नजर अशी की बर्फातल्या माशाचा जन्मवार सांगेल. तीस वर्षं ती इसामुची माकुली घेत होती. त्या दिवशी नऊ माकुल्या होत्या. तिने टाकीत डोकावलं आणि एकेक वेगळी काढायला लावली.

"ही नको. हीपण नको. ती कोपऱ्यातली नको."

नवातल्या चार गेल्या.

"परवाही हेच," फुजिए म्हणाली. "हे बघा, बोटं. एक, दोन, तीन. माझी गिऱ्हाइकं दोन तास गाडी चालवून येतात, मित्सुयो-सान, ती तुमच्या घरची बोटं बघायला नाही येत."

इसामु होडीच्या दुसऱ्या टोकाला दोर बांधत होता. मित्सुयोने त्याच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"त्यांच्या हाताला कळत नाही हो काही. किती दाबतात ते त्यांचं त्यांनाच समजत नाही. मी बघते काय करायचं ते."

फुजिएचा चेहरा जरा मऊ झाला, बोलणं नाही झालं. "मला वाईट वाटतं. पण वर्षअखेरच्या मेजवान्या तोंडावर आल्यात. शनिवारी बघेन. शनिवारी डाग दिसले तर मी दुसऱ्या होडीला सांगेन. राग मानू नका."

राग कसला मानायचा? पण फुजिए गेली की होडी गेली. मेलेली माकुली बर्फावर घालून विकायची तर इंजिनाच्या तेलाचा खर्चही निघत नाही. आणि होडी गेली की इसामु गेला. जमिनीवरचा इसामु कसा असतो ते मित्सुयोने एप्रिल ते जून पाहिलं होतं. खिडकीशी बसून दुसऱ्यांच्या होड्या परत येताना बघायचा आणि जेवायला तीन-तीनदा हाक मारावी लागायची. आता होडी वाचवायची तर त्यालाच होडीवरून उतरवायचं, असा पेच होता. गुरुवारचा दिवस ती ते बोलायचं म्हणून घरभर फिरली. शुक्रवारी दुपारी जेवताना एकदम बोलली.

"उद्या मी एकटीच जाते."

इसामु मुळ्याचं लोणचं चावत होता. "का?"

"थंडी आहे."

"डिसेंबर आहे."

"तुमच्या बोटांचे डाग उठतात, बाबा, माकुलीवर. फुजिए-सान म्हणाल्या, पुन्हा दिसले तर बंद."

इसामुने आपला उजवा हात वाटीवरून उचलून पाहिला. मग मित्सुयोच्या हातांकडे पाहिलं. ते हात तेव्हा टेबलाचा तोच कोपरा तिसऱ्यांदा पुसत होते.

"बरं," तो म्हणाला. "सकाळी दोर मी सोडून देतो."

बस्स, एवढंच. भांडायला पदर खोचून आलेल्या माणसाला समोरच्याने चहा विचारावा, तसं तिचं झालं. तिने शंभर उत्तरं तयार ठेवली होती, त्यांतलं एकही लागलं नाही. सगळी भांडी घासून झाल्यावर ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि रडली.

शनिवारी ती एकटी गेली. खडकाजवळ इंजिन बंद केलं आणि दोरी सोडली. एकटीला सुकाणू बघायचं, दोरी बघायची, जाळं बघायचं, तरी तिला सुटल्यासारखं वाटत होतं, आणि तसं वाटतंय याची लाजही वाटत होती. आज कोणावर लक्ष ठेवायला नको. पहिली माकुली आली. दुसरी आली. दहा वाजेपर्यंत पाच झाल्या. पाचवी टाकीत गेल्यावर तिने कौतुकाने वाकून पाहिलं.

तीन माकुल्यांवर डाग होते.

आधी तिला वाटलं, जाळं घासलं असेल. तिने जाळ्यावरून हात फिरवला, ते रेशमासारखं मऊ होतं. मग वाटलं, टाकीची कड लागली असेल. पण टाकीच्या कडेला बोटं नसतात. हे डाग बोटांचे होते. इसामु तर घरी होता.

सहावी माकुली लागली तेव्हा मित्सुयोने दोरीपेक्षा आपल्या हातांवर जास्त नजर ठेवली. माकुली पाण्याच्या तोंडाशी आली. एकदा फवारा उडाला. थांब, मित्सुयोने स्वतःला बजावलं. आणि तिच्या डोळ्यांदेखत तिचा उजवा हात जाळं घेऊन खाली गेला, जाळं वर आलं, आणि डावा हात आत शिरून माकुलीच्या पाठीवर बसला. निसटू नये म्हणून. घट्ट. तिने हाताला काहीच सांगितलं नव्हतं. हात उचलला तर खाली तीन डाग उठत होते, छोटे, एकमेकांना लागून.

ती फळीवर बसली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच अशी बसली असेल.

चाळीस वर्षांत इसामुने माकुलीला हात लावलाच नव्हता. त्याची रीतच ती होती. मग हात बधिर असला काय आणि नसला काय? जो हात लागतच नाही, त्याचा डाग उठणार कुठून? अंडं फुटलं होतं हे खरं, पण त्या एका अंड्याच्या धाकाने आठ महिने ती त्याच्या हातातलं सगळं हिसकावत आली होती, आणि हिसकावलेलं घट्ट धरत आली होती. आणि तो दीड हातावर बसून रोज ते बघत होता. काल जेवताना त्याने तिच्या हातांकडे का पाहिलं, ते तिला आता समजलं. तिला इतकी शरम वाटली की समुद्रावर कोणी नसताना तिने तोंड झाकून घेतलं.

ती लवकर परतली. धक्क्यावर इसामु उभा होता. फुजिएची गाडीही येऊन थांबली होती, आणि ती बादली घेऊन उतरत होती. मित्सुयोने दोर फेकला. इसामुने तो झेलला, बांधला आणि फुजिए पोचायच्या आत होडीत उतरून टाकीपाशी आला. आत एकदाच पाहिलं. मग बाही वर केली आणि उजवा हात कोपरापर्यंत टाकीत घातला.

"बाबा, काय करताय?"

पाणी किती गार आहे ते त्याला कळत नसणारच. त्याने हातात आली ती माकुली मुठीत धरली आणि दाबली. शाई सुटली. बाकीच्या बिथरल्या, त्यांनीही सोडली. बघता बघता टाकी काळीकुट्ट झाली, आत काही दिसेना.

फुजिए कठड्याशी येऊन उभी राहिली होती.

"शाईत गुदमरून गेल्या सगळ्या," इसामु तिला म्हणाला. त्याच्या हातावरून काळं पाणी ठिबकत होतं. "हिने सहा चांगल्या आणल्या होत्या. मला राहवलं नाही, मी हात घातला. माझीच चूक. यापुढे मी येणार नाही होडीवर, ही एकटी आणेल. हिच्याकडून घेणं बंद करू नका."

फुजिएने तोंड उघडलं, पण तिच्याआधी मित्सुयो बोलली.

"खोटं बोलतायत ते."

"आई, गप्प बस."

"नाही बसत. मालकीणबाई, परवा मी तुम्हांला सांगितलं तेही खोटं होतं. मला ते खरं वाटत होतं, पण होतं खोटं. बोटं माझी आहेत. आधीचीही माझी, आजचीही माझी. हे माकुलीला हात लावत नाहीत, कधीच लावला नव्हता. आज लावला तो माझ्यासाठी."

फुजिएने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग रिकामी बादली खाली ठेवली.

"मला उद्या बारा पाहिजेत," ती म्हणाली. "एकही डाग नको. कोण काढणार?"

"हे काढतील."

"आणि तुम्ही?"

"मी बसेन."

"ही? आणि बसेल?" इसामु म्हणाला. फुजिएला हसू आलं, पण जाताना तिने बारा हा आकडा पुन्हा सांगितला.

टाकीतलं काळं पाणी उपसायला दोघांना अर्धा तास लागला. "मला सांगितलं का नाहीत?" मित्सुयोने मध्येच विचारलं.

इसामु बादली ओतत राहिला. "झटका आला त्या दिवसापासून तुझे हात माझ्यासाठीच पुढे येतायत," तो म्हणाला. "त्यांना काय सांगणार होतो मी?"

रविवारी वारा होता आणि होडी हलत होती. इसामुने पहिली माकुली पाण्याच्या तोंडाशी आणून धरली. मित्सुयो समोरच्या फळीवर बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. माकुलीने पाणी फेकलं. मित्सुयोचे खांदे पुढे झाले. माकुलीने शाई फेकली.

"आता?"

"अजून नाही."

दोरीवरचा त्याचा हात सावकाश होता, तिला जीव जाईल इतका सावकाश. तिसरा फवारा समुद्रात गेला. मग त्याने डाव्या हाताने शेपटाकडून जाळं सरकवलं, उचललं, टाकीवर नेलं. उजव्या हाताची गळावरची पकड एकदा चुकली. मित्सुयोने ओठ दातांखाली धरला, पण ती उठली नाही. दुसऱ्यांदा पकड बसली, गळ उलटा झाला, पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला.

ती टाकीवर वाकली. आधी तिला पाण्याशिवाय काहीच दिसलं नाही. मग दोन डोळे दिसले.