मिटवेभाऊंच्या कमरेचं माप

ठाण्यात त्यांना सगळे मिटवेभाऊ म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. नवरा-बायकोचं भांडण मिटवावं तर याच हवालदारानं, अशी ख्याती होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. शेजाऱ्यांचा फोन आला की ते जायचे, नवऱ्याला चार शब्द सुनावायचे, बायकोला चार शब्द समजवायचे, 'संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच' हे ठेवणीतलं वाक्य टाकायचे आणि परत येऊन नोंदवहीत लिहायचे, 'परिसरात गस्त. सर्व शांत.' भांडण लिहिलं की कोर्टात जातं, न लिहिलं की घरात राहतं, अशी त्यांची साधी समजूत. बावीस वर्षांत ती चुकीची आहे असं कोणी सांगितलं नाही, आणि त्यांनीही कोणाला विचारलं नाही.

मग नवा कायदा आला. घरातल्या मारहाणीची खबर आली की तक्रार असो वा नसो, चार पानी अर्ज भरायचा. जखम कुठे, कशानं झाली, मुलं घरात होती का, सगळं. भरलेला अर्ज बाईला वाचून दाखवायचा आणि काही राहिलं का ते विचारायचं. तिसऱ्या पानावर एक रकाना होता: या घरी पोलीस आधी कधी आले, तारखा आणि पुरावा. निदान दोन तारखा भरल्या तर नवऱ्याला त्याच दिवशी महिनाभर घराबाहेर काढता येत होतं. रकाना रिकामा राहिला तर समज द्यायची आणि संध्याकाळी घरी सोडायचं.

"चार पानं," मिटवेभाऊ म्हणाले. "तेवढ्या वेळात मी दोन संसार सांधून आलो असतो."

ठाण्यातला पहिला अर्ज नेमका त्यांच्याच वाट्याला आला. समोर टेलरबाई बसली होती, डाव्या डोळ्याखाली सूज घेऊन, मांडीवर कामाची पिशवी. नवरा आतल्या बाकावर होता. येताना त्यानं 'काय भाऊ, बरं आहे ना?' असं घरच्यासारखं विचारलं होतं.

"याआधी घरी पोलीस आले होते का?" मिटवेभाऊंनी अर्जातला प्रश्न वाचला, आणि वाचता वाचताच त्यांची जीभ अडखळली.

"तुम्हीच आला होता की," ती म्हणाली.

"ते खरं हो ताई. पण पुरावा लागतो. आणि वहीत तर..." वहीत गस्त होती.

तिनं पिशवीतून मापाची वही काढली, पानं उलटली आणि वही त्यांच्यापुढे सरकवली. पानाच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'हवालदारभाऊ, पँट.' खाली सहा तारखा आणि प्रत्येकीपुढे कमरेचं माप.

मिटवेभाऊंना सगळं आठवलं. भांडण मिटलं की नवरा चहा टाकायला सांगायचा. चहा होईतो मिटवेभाऊ म्हणायचे, 'ताई, वर्दीची पँट जरा घट्ट होतेय.' ती माप घ्यायची, दुसऱ्या दिवशी ते पँट पाठवायचे, ती सैल करून द्यायची. चौतीस, साडेचौतीस, पस्तीस, छत्तीस, साडेछत्तीस, अडतीस. तिचं भांडण मिटवता मिटवता चार वर्षांत त्यांची कमर चार इंच वाढली होती.

"तारखा कशाला लिहिल्यात?"

"मापाला तारीख लागतेच. माणूस बदलतो."

चौथी ओळ वेडीवाकडी होती. "ही अशी का?"

"डाव्या हातानं लिहिलीय. उजवा प्लास्टरमध्ये होता."

तेव्हा तिनं फितीचं एक टोक त्यांनाच धरायला सांगितलं होतं. ते टोक धरून त्यांनी स्वतःच्या पोटावर एक विनोदही केला होता, आणि नवरा खूप हसला होता. मिटवेभाऊंना लाज वाटली, इतकी की वहीवरून नजर वर उचलवेना.

आतून ठाण्याच्या प्रमुख मॅडमचा आवाज आला. "भाऊ, तिसरं पान रिकामं असेल तर सांगा. समज देते आणि सोडते त्याला."

निवृत्तीला पाच महिने राहिले होते. 'रिकामं आहे' एवढे दोन शब्द पुरले असते, आणि मापाच्या वहीला पुरावा कोण म्हणतो?

"रिकामं नाही मॅडम," ते म्हणाले आणि लिहायला बसले.

मॅडम बाहेर येऊन त्यांच्या खांद्यामागून वाचू लागल्या. "पुरावा, कमरेचं माप?"

"हो."

मॅडमनी नोंदवही चाळली. "या तारखांना इथे तुमची गस्त लागलीय."

"गस्त खोटी आहे."

मॅडमनी नोंदवही मिटली. "चौकशी लागेल, भाऊ."

"लागू दे."

"बरं. यांना वाचून दाखवा, मग मी हुकूम काढते."

त्यांनी सहाही तारखा वाचल्या आणि नियमाप्रमाणे विचारलं, "काही राहिलं का?"

"एक राहिलं," टेलरबाई म्हणाली. "तिसऱ्या आणि चौथ्या मापाच्या मधे एकदा तुम्ही आला होता. यांनी दारातच सांगितलं, सगळं ठीक आहे. तुम्ही जिन्यावरूनच परत गेलात. आत आला नाहीत, म्हणून माप नाही. हात त्याच दिवशी मोडला. तुम्ही गेल्यावर."

सहा तारखा पुरेशा होत्या. सातवी कोणी मागितली नव्हती. पण मिटवेभाऊंना तो दिवस तारखेसकट पाठ होता, कारण त्या दिवशी मुलीचा निकाल लागला होता आणि त्यांना लवकर घरी जायचं होतं. ते जिना उतरू लागले तेव्हा दाराआडून कोणीतरी 'भाऊ' म्हणून हाक मारली होती.

त्यांनी अर्ज पुन्हा पुढे ओढला आणि सातवी तारीख लिहिली. पुराव्याच्या जागी लिहिलं, 'हाक ऐकू आली होती,' आणि खाली सही केली.