अंगणातून बघायचा टीव्ही

"पोपट नका दाखवू," मामा म्हणाले. "पोपट सगळ्याच दुकानात चांगला दिसतो."

टीव्हीच्या दुकानातला विक्रेता उमाशंकर रिमोट हातात धरून थांबला. त्याच्यामागच्या भिंतीवर लहानमोठे टीव्ही ओळीनं लावले होते आणि सगळ्यांवर एकच लालनिळा पोपट एकाच वेळी मान वळवत होता. त्याच्याआधी धबधबा झाला होता, त्याच्याआधी कुठल्यातरी समुद्रातले मासे. मामा म्हणजे माझे सासरे, किशनराव. ते हाताची घडी घालून उभे होते. ही घडी उदगीरच्या मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, अडते चांगली ओळखतात.

"काका, हा फोर-के हाय," उमाशंकर म्हणाला. "पंख बगा, एक एक पीस मोजून घ्या."

"मला काय पोपटाचे पिसं मोजायचेत? पोत्याच्या तोंडाला कोनीबी चांगलाच माल ठिवतो. मदला दाखवा."

उमाशंकरनं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. सासऱ्यांबरोबर खरेदीला जाणाऱ्या सुनेला ही कला यावीच लागते.

मामांनी सगळा जन्म एका डाळमिलसाठी तूर आणि हरभरा खरेदी करण्यात घालवला. पोत्याच्या कुशीत टोकदार लोखंडी नळी खुपसायची, मधला माल हातावर घ्यायचा, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि भाव सांगायचा. तो भाव शेतकऱ्याला पटायचा, मालकालाही पटायचा. त्यामुळे त्यांचा असा ठाम समज झाला आहे की जगातली कुठलीही गोष्ट त्यांना पारखता येते. घरात भेंडी मी आणली की तिचं टोक ते मोडून बघतात. मी गणित शिकवते, तर माझे पेपरही ते वरून चाळतात आणि म्हणतात, "ह्या पोराचं अक्षर बघ, हे पास व्हतंय." बहुतेक वेळा होतं, हे आणखीच वाईट.

त्यांची एक म्हण आहे. म्हण म्हणजे त्यांनीच केलेली. चाळणीनं दाणा मोठा होत न्हाई. माझं माहेर लातूरचं आणि माझा भाऊ तिथं पोरांना हुशार करायचे क्लास चालवतो, हे पूर्ण लक्षात ठेवून ते ही म्हण माझ्यासमोर मुद्दाम मोठ्यानं म्हणतात.

आमचा जुना डबा टीव्ही उन्हाळ्यात गेला. जाण्याआधी बातम्या देणारी बाई बरेच दिवस काविळीनं आजारी असल्यासारखी दिसत होती. माझा नवरा हरिओम म्हणाला, मोबाइलवरून मागवू, पंचावन्न इंची, घरपोच. मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो विषयच संपला. माल न बघता घेणारा पोरगा आपल्या पोटी यावा, याचं त्यांना खरोखरच वाईट वाटलं. हरिओमला मुखेडच्या ऑफिसातून रजा मिळेना, म्हणून मामांबरोबर मी आले.

"नमुना मी आनलाय," मामा म्हणाले. त्यांनी खिशातून रुमाल काढला. रुमालाच्या टोकाला गाठ होती. मोंढ्यात ते तुरीचे नमुने असेच गाठीला बांधून आणायचे. गाठ सुटली आणि आतून पेन ड्राइव्ह निघाला.

"ह्याच्यात मपल्या पोरीचं लगीन हाय. ते लावा."

तेव्हा मला कळलं की आपण टीव्ही घ्यायला आलेलो नाही.

पुनमताई म्हणजे माझी नणंद. त्यांचं लग्न मी या घरात येण्याच्या बऱ्याच आधी, आमच्या घरासमोरच मांडव घालून झालं. स्थळ बिलोलीचं. मामांनी ते मोंढ्यातल्या ओळखीतून काढलं, मुलगा बघितला, घर बघितलं आणि सुपारी फोडूनच परत आले. सासूबाईंना, तुळजाबाईंना, घरी येऊन विचारलं, पसंत आहे का. त्या म्हणाल्या, "आता मला काय इचारता? ठरवून तर आलाव." त्यांना लेक एवढी लांब द्यायची नव्हती. पुढं त्या लग्नाच्या कामाला जुंपल्या आणि या विषयावर एक अक्षर बोलल्या नाहीत. लग्नानंतर वर्षाच्या आत त्या गेल्या. ताईंचं बिलोलीत छान चाललंय, जावई सोन्यासारखा आहे, मामांची पारख चुकली नव्हती. पण ज्या बाईनं ते कबूल करायचं, ती कबूल न करताच गेली. एवढी एकच गोष्ट मामांना आयुष्यात पारखता आली नाही, आणि ती त्यांना डाचत होती.

आमच्याकडे अक्षता पडताना मुलीच्या आईनं लग्न बघायचं नसतं. मंगलाष्टका चालू असताना ती मांडवाकडं पाठ करून तुळशीला पाणी घालत उभी राहते. सासूबाईही तशाच उभ्या होत्या. लग्नाच्या सीडीत अगदी कडेला हिरव्या इरकलीचा एक तुकडा दिसायचा, बस. जुन्या टीव्हीत चित्राच्या कडा कापल्या जायच्या आणि उरलेल्या सासूबाई त्या कापलेल्या भागात होत्या. मामांचा हिशोब सरळ होता. टीव्ही मोठा घ्यायचा, चांगल्यातला चांगला घ्यायचा, म्हणजे तुळजाचा चेहरा स्वच्छ दिसेल. चेहरा दिसला की कळेल, त्या वेळी तिच्या मनात काय होतं. आदल्या दिवशी त्यांनी स्टुडिओवाल्याकडून ती सीडी पेन ड्राइव्हमध्ये भरून आणली होती आणि घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

उमाशंकरनं सगळ्यात मोठ्या टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला. पोपट गेला आणि आमची गल्ली आली. मांडव, भटजी, अंतरपाट, मुंडावळ्या बांधलेल्या बारीकशा पुनमताई. कडा कापल्या गेल्या नव्हत्या. वरच्या कोपऱ्यात आमचं तुळशीवृंदावन अख्खं दिसत होतं आणि त्याच्यापाशी हिरव्या इरकलीत एक बाई पाठमोरी उभी होती.

"हाय," मामा म्हणाले. "पूर्ण हाय. मी म्हनलं न्हवतं का?"

मी सासूबाईंना भिंतीवरच्या फोटोतच बघितलेलं. तो कुठल्याशा ओळखपत्रावरून मोठा केलेला, त्यात त्या कुणाचा तरी राग आल्यासारख्या बघतात. चालत्याबोलत्या त्या मी पहिल्यांदाच बघत होते. मलाही पुढं व्हावंसं वाटलं.

मामा मात्र टीव्हीला नाक लावून उभे राहिले. बाई किंचित वळली. चेहऱ्याच्या जागी चौकोन आले. भुरे, तांबूस, हलणारे चौकोन. मामांनी रुमालानं काच पुसली. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा चौकोन.

"दुसरा लावा."

दुसरा लावला. तिसरा लावला. तिसऱ्याचा रंग बरा होता, चौकोन तेच होते. मामांचा आवाज चढू लागला. "कंपनी बदलून बगा. ह्याच्याहून भारी ठिवत न्हाईत का तुम्ही?"

उमाशंकरच्या जागी दुसरा एखादा असता तर त्यानं दुकानातला सगळ्यात महागडा टीव्ही लावून मामांना बरोबर गळाला लावलं असतं. त्यानं रिमोट खाली ठेवला. "काका, खरं सांगू का? वांधा टीव्हीत न्हाई. शूटिंगच तेवढी हाय, त्या टायमाची. टीव्ही जे हाय ते मोठं करून दाखवतो. आत नसलेलं तो कुठून आननार?"

मामा टीव्हीकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "चाळणीनं दाणा मोठा होत न्हाई."

ही म्हण मी शंभरदा ऐकली असेल. ती म्हणताना त्यांचा चेहरा खुलला नाही, असं पहिल्यांदाच झालं. मला माझ्या भावाची आठवण झाली नाही की चीड आली नाही. त्यांचा हात धरावा असं वाटलं, पण आमच्यात तशी पद्धत नाही.

"चल पोरी," म्हणून ते बाहेर निघाले. चपला दुकानाच्या पायऱ्यांखाली, रस्त्याच्या कडेला काढलेल्या होत्या. मी उमाशंकरला काहीतरी बरं बोलायचं म्हणून थांबले. टीव्ही चालूच होता. मामांनी एक पाय चपलेत घातला, दुसरा घालायला वाकले आणि वाकताना उघड्या दारातून सहज आत बघितलं. तसेच राहिले.

"श्रद्धा," ते रस्त्यावरून म्हणाले, "पुन्यांदा लावायला सांग. आन् तू हिकडं ये."

मी बाहेर गेले. त्यांच्या शेजारी उभी राहिले. मागून रिक्षा जात होत्या, कुणीतरी बाजूला व्हा म्हणत होतं. आत, लांब भिंतीवर, आमची गल्ली होती. चौकोन दिसत नव्हते. चेहराही दिसत नव्हता, नाकडोळे नव्हतेच, पण ते आता चौकोन नव्हते, माणूस होतं. हिरव्या इरकलीतल्या बाईनं हातातला तांब्या तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला. इकडंतिकडं पाहिलं. मांडवाकडं वळली. पदरात बांधलेलं काहीतरी मुठीत घेतलं, हात वर केला आणि पोरीच्या दिशेनं टाकलं. मग चटकन पाठ फिरवून पुन्हा तांब्या उचलला, कुणी बघितलं तर नाही ना अशी.

"अक्षता," मी म्हणाले. "मामा, त्यांनी अक्षता टाकल्या."

"बघू ने, म्हनून बजावलं हुतं तिला. मपल्या मायनं बजावलं हुतं." ते टीव्हीकडंच बघत होते. "पदरात बांधून नेल्या हुत्या तिनं."

मग ते माझ्याकडे वळले.

"मनात नसतं, तर टाकल्या असत्या का?"

ते मला खरंच विचारत होते. बारा गावचा माल पारखलेला माणूस रस्त्यावर, एका पायात चप्पल घालून, मला विचारत होता. मी मुलांना पायऱ्या लिहिल्याशिवाय उत्तराचे मार्क देत नाही. पण म्हणाले, "नसत्या टाकल्या, मामा. चोरून तर मुळीच नाही."

"हाव," ते म्हणाले. मग अंगात आल्यासारखे सरळ झाले आणि तशीच एक चप्पल घालून दुकानात शिरले.

"हाच द्या. मोठाच."

"पन काका, जवळून चित्र फाटायलंय त्यात."

"मग जवळून बगतंय कोन?"

यानंतर मामांनी भाव केला. तो मी इथं सांगत नाही, कारण उमाशंकरची नोकरी शाबूत राहावी असं मला वाटतं.

टीव्ही घरी आला, भिंतीवर चढला. हरिओमनं समोर सोफा सरकवला आणि मोठेपणानं मामांना बसवलं. मामा पाच मिनिटं बसले आणि उठले. खुर्ची घेऊन उंबऱ्याशी गेले. तिथून ओसरीत. ओसरीतून अंगणात. शेवटी तुळशीच्या कट्ट्याला टेकून खुर्ची मांडली आणि म्हणाले, "हितून बेस दिसतंय."

आता ते बातम्याही तिथूनच बघतात. आवाज एवढा मोठा लागतो की सोयाबीनचा भाव सगळ्या गल्लीला कळतो. पोरं हसतात. शेजारच्या नीलाबाई मला म्हणाल्या, "एवढा भारी टीव्ही आनला आन् म्हाताऱ्याला बाहेर बसिवलंस व्हय?" मी सांगत बसले नाही.

पंचमीला पुनमताई माहेरी आल्या. चहा झाला आणि मामांनी हरिओमला लग्न लावायला सांगितलं. ताई कौतुकानं टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसल्या.

"तितून न्हाई दिसत तुजी माय," मामा अंगणातून म्हणाले. "हितं ये."

ताई उठून अंगणात गेल्या. खुर्ची एकच होती. मामा उठले, खुर्ची ताईंना दिली आणि स्वतः तुळशीपाशी उभे राहिले. मी ओसरीत होते, मला ते दोघंही दिसत होते आणि आत टीव्हीही. मंगलाष्टका संपत आल्या. कोपऱ्यातल्या हिरव्या बाईनं तांब्या खाली ठेवला, इकडंतिकडं पाहिलं आणि हात वर केला.

ताईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि अक्षता घेताना करतात तशी मान जराशी खाली केली.