प्रणिताच्या पिशवीतला शेकर

मित्रांनो, मी एक जुना शेकर आहे. पावडर आणि पाणी एकत्र घुसळायची प्लास्टिकची बाटली म्हणजे शेकर. माझ्या पोटावर मापाच्या रेघा आहेत, डोक्यावर फिरकीचं घट्ट झाकण आहे आणि आत तारेचा एक गोळा आहे. मला हलवलं की तो गोळा खुळखुळतो आणि पिठाच्या गुठळ्या फोडतो. माझं काम एवढंच.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते पेणमधलं एक दुकान. तिथे व्हे प्रोटीन नावाच्या पावडरीच्या मोठ्या काळ्या डब्याला मला चिकटपट्टीने बांधून ठेवलं होतं. डब्यावर दंड फुगवलेल्या माणसाचं चित्र होतं. मी त्या डब्यावर फुकट मिळत होतो.

एके दिवशी प्रणिता आम्हा दोघांना घरी घेऊन गेली. ती पेणजवळच्या गागोदे बुद्रुक गावची, सत्तावीस वर्षांची, सडसडीत अंगाची. वडील हैबतराव आणि आई सरू भाताची शेती करायचे आणि भात निघाला की त्याच जमिनीत वाल पेरायचे. प्रणिता पोलीस भरतीची तयारी करत होती. मागच्या वेळी ती आठशे मीटर धावण्यात कमी पडली होती. वयाच्या अटीमुळे यंदाची संधी शेवटची होती.

"हे कसलं गो आणलंस? औषध हाय?" सरूने विचारलं.

"औषध नाय आये. ताकदीचं हाय. जिममधला रितेश बोलला, रोज तीन स्कूप, म्हणजे तीन मापं घे नि भात बंद कर."

सुरुवातीला माझा थाट होता. पहाटे प्रणिता मला खुळखुळवत सडकेवर यायची, धावायची आणि मग मला तोंडाला लावायची. पण प्यायल्यावर मला धुवायचं ती विसरायची. मी दिवसभर पिशवीत तसाच पडून राहायचो आणि संध्याकाळपर्यंत मला आंबूस वास यायचा. माझी मलाच लाज वाटायची.

दुसऱ्या आठवड्यात तिच्या पोटात मुरडा येऊ लागला. पोट फुगायचं. अर्ध्या धावेत ती सडकेच्या कडेला पोट धरून बसायची. रितेशला सांगितलं तर तो म्हणाला, "पहिल्यांदा होतं असं. अजून एक स्कूप वाढव."

त्या दिवशी प्रणिता ओट्यावर येऊन बसली. भरतीला तीन महिने उरले होते. मला वाटलं, आता ही रडेल. ती रडली नाही. तिने डबा आणि मला एका पिशवीत कोंबलं आणि आईला म्हणाली, "वाढवणार नाय. आधी कारण शोधणार."

दुसऱ्या दिवशी पेणहून गाडीने आम्ही रोह्याला गेलो. तिथल्या एका दवाखान्यात वैशालीताई नावाच्या आहारतज्ज्ञ बसत. त्यांनी आधी माझं झाकण उघडलं आणि नाक दाबलं.

"हा धुतेस का गं?"

प्रणिताने मान खाली घातली. माझं भाग्य उजळलं ते तेव्हापासून, कारण ती मला रोज धुऊ लागली!

मग वैशालीताईंनी विचारलं, "दूध पचतं तुला?"

"चहापुरतं. पेलाभर प्यायले की पोट बिघडतं."

"दूध फाटल्यावर जी निवळ उरते ना, तिच्यातलंच हे प्रथिन. साध्या पावडरीत दुधातली साखर थोडी राहते. तुला ती सोसत नसणार." त्यांनी डबा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली. "शिवाय यावर सरकारी अन्न-परवान्याचा क्रमांक नाही. घटकांत पहिलं नाव साखरेच्या पावडरीचं आहे. सील पण दोनदा चिकटवलेलं दिसतंय. हा डबा बंद कर."

"म्हणजे पावडर वाईट असते?"

"नाही. चांगली, तपासलेली असेल आणि पचत असेल, तर सोयीची असते. न पचणाऱ्यांसाठी दुधातली साखर जवळजवळ काढलेली मिळते, सोयाबीन-वाटाण्याचीही मिळते. पण ती जेवणाची जागा घेत नाही. तू दिवसभर खातेस काय?"

"सकाळी चहा-बटर. मग थोडी भाजी. भात बंद केलाय."

"अगं, भात बंद करून धावणार कशाच्या जोरावर? भात खा. त्याच्याबरोबर वाल, अंडी, सुकट, शेंगदाणे खा. घरी वाल होतो ना?"

"व्हय. पोतं भरून हाय," प्रणिता म्हणाली आणि स्वतःशीच हसली.

मित्रांनो, त्या दिवसापासून ताईंच्या सांगण्यावरून माझ्या पोटात डाळ्यांचं पीठ, ताक, चिमूटभर जिरं आणि मीठ पडू लागलं. विरजणाने दुधातली साखर कमी होते, म्हणून ताक तिला सोसलं. ते पीठ मोठं चिवट. माझ्या तारेच्या गोळ्याला खरी मेहनत तेव्हा पडली. घरी सरू वाल भिजवून, मोड आणून, सोलून बिरडं करू लागली. दुपारी अंडी असत. काही चमत्कार झाला नाही. पहिला महिना तिची धावण्याची वेळ एका सेकंदानेही कमी झाली नाही. प्रणिता मात्र रोज धावली, भरतीतल्या गोळाफेकीसाठी बांधावरचा गोल धोंडा फेकत राहिली. दुसऱ्या महिन्यात ती सडकेच्या कडेला बसेनाशी झाली. तिसऱ्यात तिचे सेकंद कमी होऊ लागले.

भरतीच्या मैदानावर मी पिशवीत होतो. मला काही दिसलं नाही. शिट्टी ऐकली, पावलं ऐकली. मग प्रणिता धापा टाकत आली आणि तिने मला दोन्ही हातांनी धरलं. "आये," ती फोनवर म्हणाली, "मागं राहिले नाय." पुढे लेखी परीक्षा झाली आणि यादीत तिचं नाव लागलं.

प्रशिक्षणाला निघायच्या आदल्या दिवशी तिने मला स्वच्छ धुतलं, भरलं आणि सरूच्या हातात दिलं.

"मला कशाला गो? मला काय ह्या वयात दंड काढायचे हायत?"

"दंड नाय काढायचे. वाल खुडून उठताना तू जमिनीला हात टेकतेस. बिरडं आम्हाला वाढतेस नि स्वतः रश्शावर भात खातेस. एवढे महिने मी पाहिलं नाय, ही माझी चूक. आता माझ्यासमोर पी."

पदराने तोंड पुसत सरूने मला शेवटच्या घोटापर्यंत रिकामं केलं.

आता मी सरूचा आहे. माझ्या रेघा पुसट झाल्या आहेत, झाकणाला चीर गेली आहे, पण मी कामावर आहे. मित्रांनो, माझ्यासारख्याला वापरलंत तर लगेच धुवा आणि झाकण उघडं ठेवून सुकवा. डब्याच्या पुढचं चित्र पाहू नका, मागचं बारीक वाचा. पोट तक्रार करू लागलं तर त्याचं ऐका आणि जाणत्या माणसाला विचारा. आणि आज जेवताना एवढं कराच: तुमच्या घरात जे माणूस सगळ्यांत शेवटी जेवतं, त्याच्या ताटात वाढायला काय उरलंय, ते आधी उठून बघा.