चार बोटं जास्त

मित्रांनो, एका पत्राला अकरा वर्षं उत्तर गेलं नाही, आणि त्याला कारण मी. मी जमीन मोजायची एक जुनी साखळी आहे. सगळं नीट सांगता येईल असं वाटत नाही. मोजण्यापलीकडे मला फारसं काही येत नाही, आणि तेही नेमकं येतं का, याचीच ही गोष्ट आहे.

एका लोहाराने माझ्या शंभर कड्या घडवल्या. मला विकत घेतलं एका गाडीवानाच्या मुलाने. पुढे सारं गाव ज्यांना 'मालक' म्हणू लागलं, ते हेच. तेव्हा त्यांच्याकडे उताराची एक पडीक जागा आणि एक थोरली बहीण, एवढंच होतं. साखळी ओढायला दोघं लागतात. एक टोक ते धरत, दुसरं ताई. ताईने अंगणात बरोबर माझ्या लांबीच्या अंतरावर दोन दगडी खुंट्या रोवल्या होत्या. दरवर्षी ती मला त्यांच्यावर ताणून बघे आणि म्हणे, "माणूस झिजला की खंगतो, साखळी झिजली की वाढते. ध्यानात ठेव."

त्या पडीक जागेवर लाकडाची वखार झाली. मग करवतीची गिरणी, बर्फाचा कारखाना, स्टेशनजवळची गोदामं. प्रत्येक जमीन मालकांनी स्वतः चालून मोजली. पोटऱ्यांपर्यंत चिखल असला तरी दुसऱ्यावर सोपवली नाही. या भरभराटीत माझाही थोडा वाटा आहे, असं लाजत लाजत म्हणते. पण ताई लग्न होऊन दूर गेली आणि खुंट्यांवर मला तपासणं राहूनच गेलं.

शेवटी मालकांनी कारखान्यामागची दहा साखळ्या लांबीची जमीन घेतली. शेजारी रोपं विकणारे माळीकाका. कुंपणाची भिंत उभी राहिली तेव्हा ते म्हणाले, "मालक, माझ्या हातगाडीची वाट आत गेली हो."

मालक हसले. "काका, तुमचे डोळे चुकतील. साखळी खोटं बोलत नाही."

माझी इतकी स्तुती कधी झाली नव्हती. काका मात्र त्या दिवसापासून कुंड्या डोक्यावरून वाहू लागले.

त्याच वर्षी ताई माहेरी आली. भाऊ गिरणीत अडकलेला. तिने रखवालदाराला दुसरं टोक धरायला लावून मला खुंट्यांवर ताणलं. परत गेल्यावर तिचं पत्र आलं: 'साखळी चार बोटं वाढली आहे. दहा साखळ्यांत चाळीस बोटं जास्त मोजलीस. ती काकांची वाट आहे. भिंत मागे घे.'

मालकांनी पत्र तीनदा वाचलं. कितीदा तरी 'तीर्थस्वरूप ताईस' एवढंच लिहून कागद बाजूला सारला. मला काचेच्या पेटीत बसवलं. लोक कौतुकाने बघत आणि मी आत ओशाळून पडलेली असे.

मालकांना पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा गावाने वखारीच्या अंगणात सत्कार ठरवला. फोटोग्राफर म्हणाला, "साखळी खुंट्यांवर ताणून एक फोटो घेऊ." दुसरं टोक धरायला जवळ कोण, तर सजावटीच्या कुंड्या डोक्यावरून घेऊन आलेले माळीकाका. त्यांनी माझं टोक एका खुंटीला लावलं. मालकांनी मला ताणलं, आणि त्यांची मूठ दुसऱ्या खुंटीच्या पुढे गेली. चार बोटं. सगळे बघत होते.

काका हळूच म्हणाले, "मालक, मूठ जरा मागे घ्या. फोटोत कळणार नाही."

 मालकांनी उलट मला आणखी ताठ ओढलं. "असाच घ्या फोटो. काका, डोळे माझे चुकले. भिंत उद्या उतरवतो."

"उद्या कशाला?" काका म्हणाले. "पहार आहे माझ्याकडे."

जमलेलं गाव खो खो हसलं आणि हारतुऱ्यांसकट भिंतीकडे निघालं. पहिली वीट मालकांनी काढली. संध्याकाळपर्यंत वाटेपुरती भिंत उतरली आणि काकांची हातगाडी कुंड्यांसकट खडखडत गेली. भाषणांना मिळाल्या नसत्या इतक्या टाळ्या तिला मिळाल्या. माझ्या शंभरच्या शंभर कड्या हलक्या झाल्या.

मित्रांनो, ज्या वस्तूवर तुम्ही डोळे मिटून विसंबता, तिला नुसती जपू नका, वरचेवर तपासाही. आम्हालाही चुकायचं नसतं हो.

दुसऱ्या दिवशी मालकांनी कागद पुढे ओढला. या वेळी पेन थांबलं नाही. 'तीर्थस्वरूप ताईस, तुझंच खरं होतं. वाट मोकळी केली. उशिराबद्दल रागव, पण ये.' मोटार न काढता ते काठी टेकत कोपऱ्यापर्यंत चालत गेले. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी पाकीट टपालपेटीत टाकलं, आत पडल्याचा आवाज येईपर्यंत कान देऊन उभे राहिले, आणि मग काठी न टेकता परत आले.